कोपऱ्यातलं गिऱ्हाईक

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षर माझ्या पदरचं नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं, आणि भुताचं नाव काढलं की खो खो हसणारी ती बाई आहे.

तिचा धंदा दुकानं सजवायचा. तोही जुन्या थाटात. नव्या खुर्च्या घासायच्या, कडा झिजवायच्या, भिंतीवर डाग पाडायचे. सुतार तिची थट्टा करायचा, लोक जुन्याचं नवं करतात, बाई नव्याचं जुनं करतात.

तिचा एक नियम होता. झीज दाखवायची तर चारचौघांची दाखवायची. कुणी उंच, कुणी लठ्ठ, कुणी डावखुरा. एकाच माणसाची झीज कधी करायची नाही.

तो नियम तिनं एकदाच मोडला. सख्ख्या भावासाठी.

दादाची नोकरी गेली होती. घरात बसून बसून माणूस मुका झाला होता. होतं नव्हतं ते घालून त्यानं कॉफीचं दुकान काढलं. हे बुडालं तर दादा पुन्हा उठायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

उद्घाटन तोंडावर आलेलं. घाईघाईत तिनं एकच माणूस मनात धरला. म्हातारा, डावखुरा, उजवा पाय ओढणारा, भिंतीला डोकं टेकून बसणारा. कोपऱ्यातल्या खुर्चीचा डावा हात घासला. खाली फरशीवर ओरखडे काढले. मागच्या भिंतीवर मेण चोळून डोक्याचा तेलकट डाग केला.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी दादा सामान आणायला गेला. ती एकटीच काउंटर पुसत होती.

अचानक रस्त्यावरचा आवाज बंद झाला.

मग दाराकडून...

घसट. थांबून पुन्हा घसट.

आणि खुर्ची करकरली.

तिनं वळून पाहिलं. कोणी नव्हतं. कोपऱ्यात जाऊन तिनं भिंतीवरच्या डागाला बोट लावलं. मेण केव्हाच सुकलं होतं, पण डाग...

कोमट होता.

बोटाला एक पांढरा केस चिकटून आला.

ती कुणाला काही बोलली नाही. भावाच्या आनंदावर विरजण कशाला, असं तिला वाटलं.

दुकान छान चाललं. गर्दी झाली तरी ती खुर्ची मात्र रिकामीच. लोक कप घेऊन तिथवर जायचे आणि परत फिरायचे. एक बाई तर चक्क "सॉरी हं" म्हणून मागे सरकली.

एका रविवारी बहिणीनं स्वतः खुर्चीला पॉलिश केलं. भिंत रंगवली.

सोमवारी सकाळी डाग तिथेच होता. आधीपेक्षा गडद.

मग तिनं दादाला धरलं. ती खुर्ची फेकून दे म्हणून हातापाया पडली. दादा शांतपणे कप विसळत होता. कप दोन होते.

"असू दे गं. गप्पा मारतो तो माझ्याशी," दादा म्हणाला. "तुझी फार आठवण काढतो. 'मला जिनं केलं, ती समोर कधी बसणार?' असं विचारतो."

तिनं कोपऱ्यातल्या खुर्चीसमोरच्या दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. ती तिनं कोरीच ठेवली होती.

आता त्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर...

नखांच्या खुणा होत्या. घाबरली की ती अशीच नखं रुतवते, लहानपणापासून. आणि त्या खुर्चीत ती एकदाही बसली नव्हती.

त्यानंतर तिनं दुकानात पाऊल टाकलं नाही. रोज फोन करून दादाच्या विनवण्या करायची, दुकान बंद कर म्हणून. काल दादा म्हणाला, "तू येत नाहीस ना, मग तोवर तुझ्या जागी मी बसतो."

आज सकाळी ती निघाली. मी खूप अडवलं. पण भाऊ आहे तो तिचा, ती कसली ऐकते.

दुपारी दादाचा फोन आला. ती पोचली, म्हणाला. आवाज अगदी खुशीत होता.

मी म्हटलं, तिला फोन दे.

"थांब जरा," दादा म्हणाला. "ते दोघं बोलतायत."

तेव्हापासून मी फोन लावतोय. तिकडे कुणीच उचलत नाही.