दुसऱ्या हाकेनंतर

पहाटेचा उजेड वाळूवर एकदम पडत नाही. तो आधी सर्वांत उंच टेकाडाच्या कडेवर नुसता टेकतो. मग उतारावरच्या बारीक वळ्यांमधून सावकाश खाली झिरपतो. सिमेंटच्या बाकांना, गळक्या नळाला, शेकोटीच्या थंड राखेला क्रमाने ज्याचा त्याचा रंग परत देतो, आणि शेवटी तंबूच्या कापडावर मंद पिवळसर होऊन थांबतो. त्यात भिण्यासारखं काहीही नसतं.

तरीही हे घडलं. ही रचलेली गोष्ट नाही.

डिसेंबर २०१४. शुक्रवारची पहाट. ओमानच्या पूर्वेकडच्या वाळूत, एका वाळवंटी उद्यानाचा सार्वजनिक तळ. त्या दिवशी तिथे एकच तंबू होता.

रामकृष्ण आणि तौहीद मस्कतच्या हमरिया भागात एका खोलीत राहत. रामकृष्ण गुहागरकडचा, एसी दुरुस्त करणारा. तौहीद श्रीवर्धनचा, खाबुऱ्याच्या मळ्यांतून भाजी आणणारा ड्रायव्हर.

"तुझ्यापेक्षा हे वाळवंट जास्त बोलतं रे," आदल्या संध्याकाळी कोंबडी भाजताना तौहीद म्हणाला होता. "सहा वर्षं झाली, अजून तुझा आवाज नीट ऐकलेला नाय."

"ऐकण्यासारखं काय आहे त्यात?"

"बरं, राहू दे. पुढच्या महिन्यात इथलं खलास. अंबरीनला सांगितलंय, या वेळी कायमचा येतो. मग तू भिंतीशी बोल."

पहाटे तौहीद नमाजासाठी उठला. वजू करायला नळाकडे गेला. नळ तंबूपासून जेमतेम तीस पावलांवर होता.

रामकृष्णाने तंबूची चेन किंचित उघडली.

बाहेर धुकं होतं. इतकं दाट, की पुढे केलेल्या हाताची बोटं दिसेनात.

पाण्याचा आवाज येत होता.

मग तो थांबला...

"रामा..."

रामकृष्ण गप्प राहिला. त्याच्या गावात सूर्य उगवण्याआधी एकट्या हाकेला कुणी ओ देत नसे. तीन हाका पुऱ्या होऊ द्यायच्या. तिसऱ्यांदा हाक मारतो तो माणूसच, असं त्याची आई सांगत आली होती, आणि परक्या मुलुखातही ते त्याच्या अंगातून गेलं नव्हतं.

"रामा, ओ दे रे. तंबू दिसत नाय मला."

दोन.

त्याने ओठ घट्ट मिटले. तिसरीची वाट पाहिली.

ती आली नाही...

वाळूवर पावलं वाजली. दूर जाणारी. घाईची, वाट सापडलेल्या माणसासारखी.

मग तीही विरली.

नऊच्या सुमारास धुकं उठलं. नळाजवळ तौहीदच्या चपला जोडीने काढून ठेवलेल्या होत्या. तिथून अनवाणी पावलांची रांग टेकाडांच्या आत गेली होती.

चुकलेला माणूस थांबतो, वळतो, गोल फिरतो. ती रांग कुठेही वळलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चौदा किलोमीटर आत सापडला. जिवंत होता.

इस्पितळात त्याने एकदाच डोळे उघडले.

"किती लांब नेलंस रे..." तो पुटपुटला. "मी म्हणतोय थांब, थांब. आणि तू आपला पुढून ओ देतोयस."

रामकृष्णाने चमच्याने त्याच्या ओठांवर पाणी सोडलं.

रविवारी तौहीद गेला.

गावाकडून अंबरीनचा, तौहीदच्या बायकोचा, फोन आला.

"रामाभाई, त्यांनी तुम्हाला हाक नाय मारली?"

"मी झोपलो होतो, भाभी."

पोलिसांनाही त्याने तेच सांगितलं. पुढे कित्येक वर्षं स्वतःलाही. आता तो मस्कतमध्येच, अल् घुब्राला राहतो. शाळेची मुलं जिन्यावरून एकमेकांना हाका मारू लागली, की तो उठून दार लावून घेतो.

पण तो जागा होता. दुसऱ्या हाकेनंतर, समोरच्या धुक्यातून, त्याने स्वतःच्याच आवाजातली ओ ऐकली होती...

आणि ती ऐकूनही तो गप्प राहिला होता.