मागच्या माणसाची जागा

काढा, काढा चित्रं. टेबल आजोबाचं, चहा आजोबाचा, बिस्किटंही आजोबाचीच, आणि तासभर झाला तरी एकानं विचारलं नाही की आजोबा, तुम्हाला आमचा सिनेमा बघायचाय का. आण इकडे. हं. मुलगी बसमधून उतरते. अंधार. दिवा एकच, तोही एका बाजूनं, म्हणजे अर्धं तोंड काळं. लांब मागे हुड ओढलेला माणूस. मग तो जरा जवळ. मग अगदी जवळ. तिनं मागे बघायचं नाही. बघणाऱ्याला दिसतं, तिला दिसत नाही. अरे, दरवर्षी हेच! त्या कॉलेजातल्या भिंतीसुद्धा आता हा सिनेमा तोंडपाठ म्हणतील.

बरं, एक सांगा. हा मागचा माणूस कोण होणार?

"ते ठरलं नाही अजून, आजोबा. त्याचं तोंडच दिसत नाही ना. कोणीही चालेल."

कोणीही चालेल म्हणे... पेन्सिली खाली ठेव. टिली, तो पडदा ओढून घे आधी. हसू नकोस, ओढ.

माझ्या बहिणीचा मुलगा ब्रोडी तुम्हाला माहीत आहे. भाजीच्या कारखान्यात जातो, मान खाली घालून परत येतो, लग्नकार्यातसुद्धा फोटो काढायची वेळ आली की उठून बाहेर जातो. तुम्ही त्याला चक्रम म्हणता, मला कळतं. पाच वर्षांपूर्वी तो तुमच्याएवढा होता आणि कॅमेरा त्याच्या गळ्यातून उतरत नव्हता. तिघं होते. ब्रोडी कॅमेऱ्यावर. मुलीचं काम लेसी करणार होती, हॅलगेट ड्रोव्ह, तो शेतातला रस्ता, त्याच्या टोकाला एकटं घर आहे ना, तिथली. आणि डोमास म्हणून लिथुआनियाचा एक उंच पोरगा, तो हुडवाला होणार होता.

लेसीला आई नव्हती. बाप गार्थ, ट्रकवर. त्याचं सगळं आयुष्य त्या एका पोरीभोवती. रस्त्यात कुठेही थांबला की तिला फोन करायचा, आम्ही त्याला चिडवायचो, "गार्थ, ट्रक चालवतोस की पाळणा?" तो हसायचा. तेव्हा हसायचा.

तर नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं होतं, शूटिंगच्या आधी जागेवर जाऊन रेकी करा. कॅमेरा जिथे लागणार तिथून एकेक फोटो काढून आणा. जागा कुठली? आपल्याकडे पोरं काय करतात, ज्याचं घर सोयीचं त्याचा रस्ता, त्याचंच दार. लेसी रोज बसमधून उतरून त्याच रस्त्यानं चालत घरी जायची, मग तोच घेतला. सिनेमा असा ठरला: लेसी लेसीच्या रस्त्यानं चालते, मागून एक माणूस येतो, आणि शेवटचं चित्र लेसीच्या दाराशी. स्वतःच्या हातानं काढलं त्यांनी ते. कुणाच्या मनात काही आलं नाही.

ड्रोव्ह तुम्ही पाहिलाय. पट्टीनं आखल्यासारखा सरळ. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला कोबी, मधे एक छोटा पूल. एक झाड नाही. लपायचं म्हटलं तर ससाही लपणार नाही.

आणि त्या दिवशी डोमास आलाच नाही. कारखान्यात जादा पाळी लागली म्हणाला. लेसी म्हणाली, "राहू दे की. उद्या करू." पण ब्रोडीला घाई. "अगं, फोटोच तर काढायचेत. तो आहे असं समजायचं. सोपंय."

साडेतीनला सुरुवात केली. उजेड जात होता, त्यांना तोच हवा होता. बसथांब्याजवळ एक दिवा आहे, तिथे पहिली जागा. लेसी पुढे चालत होती, ब्रोडी तिच्या पुढ्यात उलटा चालत फोटो काढत होता. लेसीनं विचारलं, "आता कुठेय तो?"

"दिव्याखाली. मागे बघू नकोस!"

"बघत नाहीये रे बाबा. तिथे आहे तरी कोण बघायला?"

ब्रोडीला मस्ती आली. तो त्या रिकाम्या दिव्याकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "ए, तू! सरळ उभा राहा. हं. आता जरा पुढे ये... ये ना. अजून. बस, त्या पुलाशी थांब." लेसी हसून हसून वाकली. म्हणाली, "डोमासपेक्षा हा बरा ऐकतोय की!"

रस्ता रिकामा होता, पोरांनो. ब्रोडीनं मला पन्नास वेळा सांगितलंय. कॅमेऱ्यातून बघत होता, डोळ्यांनी बघत होता. कोणी नव्हतं.

मग अंधार पडला. दारापाशी पोहोचले तेव्हा हाताला हात दिसत नव्हता. शेवटचा फोटो राहिला. ब्रोडीनं कॅमेरा पिशवीत टाकला आणि जाता जाता त्या काळोखाला उद्देशून म्हणाला, "उरलेलं उद्या. तू तोवर दाराशीच थांब."

एवढंच.

संध्याकाळी पावणेसातला त्यानं फोटो कॉम्प्युटरवर घेतले. पहिला उघडला. लेसी पुढे, आणि मागे दिव्याखाली हुड ओढलेला माणूस. ब्रोडीनं शिवी हासडली. डोमास! लपून आला होता तर! त्याला फोन लावला.

"गाढवा, आम्हाला घाबरवतोस?"

मागे यंत्राची घरघर. "काय? मी कोबी भरतोय इथे. दोनपासून. सुपरवायझर बघतोय, ठेव फोन."

ब्रोडीनं दुसरा फोटो उघडला.

तो पुलाशी होता. अगदी जिथे थांब म्हटलं होतं, तिथे. तोंड दिसत नव्हतं. मान जराशी वाकडी. ऐकणारा माणूस मान करतो, तशी.

तेव्हा त्याला आठवलं, आपण शेवटी काय म्हणालो होतो.

लेसीला फोन केला. उचलला तिनं. तोंडात घास होता, आवाज साधाच. "काय रे? मी पाव भाजतेय. बाबा येतीलच आता... थांब हं. आलेत वाटतं. दाराशी उभेत."

"लेसी. ट्रकचा आवाज आला?"

"...नाही."

"दार उघडू नकोस."

"काचेतून दिसतंय कुणीतरी. हलत नाहीये. ब्रोडी, वेड्यासारखं करू नकोस. डोमास आहे ना तो?"

"डोमास कामावर आहे."

 मग अगदी हळू, "तू त्याला काय सांगितलं होतंस?"

 ब्रोडी एका हातानं बूट चढवत होता.

"दारात नाहीये आता," ती म्हणाली. "गेला."

"बरं. बरं झालं. मी मामाला घेऊन येतोय. तू—"

"ब्रोडी."

"काय?"

"कुणीतरी श्वास घेतंय... माझ्या..."

"लेसी?"

"तू म्हणाला होतास मागे बघायचं नाही."

मग काही नाही. टोस्टरमधून पाव वर आल्याचा खटका ऐकू आला. नंतर तोही नाही.

मामा म्हणजे मीच. ब्रोडी तेव्हा माझ्याकडेच राहायचा, माझी व्हॅन दारात होती. दहा मिनिटांत पोहोचलो आम्ही. दाराला आतून कडी. खिडक्या बंद. मी काच फोडली. तिचा फोन टेबलावर, चालूच. कोट खुंटीला. पाव गरम. ब्रोडी आपला चालू फोन हातात धरून घरभर तिचं नाव घेऊन ओरडत होता, आणि टेबलावरच्या फोनमधून त्याचाच आवाज परत येत होता. अजून येतो तो माझ्या कानात.

गार्थ साडेसातला आला. फोडलेली काच बघितली. मग आमच्याकडे बघितलं. एवढंच विचारलं, "लेसी कुठेय?"



पोलीस आले. कालवा गाळून काढला, कोबीचे मळे तुडवले, कुत्री आणली. कुत्री दारापर्यंत यायची आणि खाली बसायची. फोटोतल्या हुडवाल्यापायी बिचाऱ्या डोमासला दोन दिवस बसवून ठेवलं. तो कामावर होता हे सगळ्या कारखान्यानं सांगितलं म्हणून सुटला. पुढच्याच महिन्यात आपल्या देशात निघून गेला. ब्रोडीनं पोलिसांना आणि गार्थला सगळं सांगितलं होतं; लोक बोलायचे त्याच्याबद्दल. मीही एका रात्री त्याला बोललो, "खरं सांग, तूच तर काही..." वाक्य पुरं केलं नाही मी.

आठवड्यानं गार्थ आमच्या दाराशी. दाढी वाढलेली, पावसात भिजलेला. मला वाटलं, मारतोय आता पोराला. मारू दिलं असतं मी. पण तो ब्रोडीसमोर खाली बसला. त्याचे हात धरले.

"तो तुझं ऐकतो ना?" म्हणाला. "तू ये म्हणालास, आला. थांब म्हणालास, थांबला. मग त्याला सांग. माझी पोर परत आण म्हणून सांग."

ब्रोडी रडायला लागला. गार्थ नाही रडला. त्याला कसली तरी आशा होती. ती बघवत नव्हती.

गेलो. तिघंच. संध्याकाळ, पाऊस सरळ पडत होता. गार्थच्या दारापाशी ब्रोडीनं कॅमेरा वर केला, मी त्याच्यावर छत्री धरली. शूटिंगमध्ये एक दृश्य घेऊन झालं आणि पुन्हा घ्यायचं असलं की पोरं काय ओरडतात, तुम्हाला ठाऊक आहे. मग जो तो मुकाट्यानं जिथून निघाला तिथे जाऊन उभा राहतो. ब्रोडीला दुसरं काही सुचलं नाही. त्याचा आवाज फाटला.

"पहिल्या जागेवर! सगळे... पहिल्या जागेवर!"

रस्ता रिकामा. पाऊस.

थांबलो.

"काढ," गार्थ म्हणाला. "फोटो काढ."

ब्रोडीनं काढला. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर बघितलं.  गार्थनं कॅमेरा हिसकावला. मीही वाकून बघितलं.

लांब, दिव्याखाली, हुडवाला उभा होता. पहिल्या जागेवर. सांगितलं तसा.

एकटा.

गार्थ धावत सुटला. आम्ही मागे. एवढा मोठा माणूस, चिखलात पडला, उठला, पडला, तोंडानं फक्त "लेसी, लेसी". दिव्याखाली कोणी नव्हतं. कोणीच नाही...

बूट होते.

तिचे. डाव्याची नाडी पिवळी, बापाच्या कामाच्या बुटातली काढून घातलेली. नाड्या बांधलेल्या. दोन्ही शेजारी-शेजारी, टोकं घराकडे, त्या दिवशी ती इथून निघाली होती तशीच. रस्त्यावरून पाणी वाहत होतं, पोरांनो, आमच्या कोटातून पाणी गळत होतं. बूट कोरडे.

गार्थ गुडघ्यांवर बसला. एका बुटात हात घातला.  मी म्हटलं, "ऊठ, गार्थ. चल."

त्यानं वर बघितलं नाही.

"गरम आहे आतून," म्हणाला.