पंधरावं नाव

शाळेला पंच्याहत्तर वर्षं झाली, म्हणून शाळा समितीनं तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मुख्याध्यापिका मी, शिक्षिका मी, घंटाही मीच देते. मग इतिहास तरी दुसरं कोण लिहिणार? कपाटातली जुनी दाखल रजिस्टरं काढली, फडक्यानं पुसली आणि मधल्या सुट्टीत वाचत बसले.

शाळा गावानं स्वतःच्या हातांनी बांधली. भिंती उभ्या राहिल्या, पण मान्यतेला पंधरा मुलं हवी होती आणि भरली चौदा. तेव्हा पहिल्या मास्तरांनी पंधराव्या ओळीत एक मनानं रचलेली मुलगी लिहिली. आईवडिलांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. ती चौथी पास झाली की पुन्हा पहिलीत तेच नाव, कारण पट दरवर्षी चौदावरच अडायचा. प्रत्येक मास्तर जाताना हे गुपित पुढच्याच्या पदरात टाकून गेला. मीही अकरा वर्षं तिची हजेरी लावली. नाव मोठ्यानं पुकारायचं नाही, एवढीच रीत होती.

यंदा माझी नात पहिलीत आली. पुढचे दोन दात मोठे, म्हणून घरात ती खारूताई. तिच्यामुळं खरी पंधरा मुलं भरली. म्हटलं, आता ही थाप कशाला? इतिहासात खोटं लिहिणं माझ्या जिवावर आलं होतं.

एक गोष्ट मात्र खटकली. आजवर तिघा मास्तरांनी ते नाव तांबड्या शाईनं खोडलं होतं. तिघांनीही लगेच, आपल्याच अक्षरात, ते पुन्हा लिहिलं होतं. आणि त्या तिन्ही पानांवर एकेक ओळ कोरी होती. अनुक्रमांक होता, पुढं काही नाही.

निवृत्त शिपाईकाका रोज शाळेच्या कट्ट्यावर येऊन बसतात. त्यांना त्या नावाबद्दल विचारलं.

"खोडू नका, बाई."

"का?"

ते वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागले. "मला बहुतेक एक बहीण होती. आमची आई मरेपर्यंत एक ताट जास्त वाढायची. कुणासाठी, असं विचारलं की रडायची. तिलाही ठाऊक नव्हतं."

वय झालं की माणूस काहीबाही बोलतं, असं म्हणत मी आत आले. पट्टी लावली आणि त्या नावावर तांबडी रेघ ओढली. काही झालं नाही. माझं मलाच हसू आलं.

सुट्टी संपली. मुलं मोजली. चौदा. पुन्हा मोजली. चौदाच.

खारूताईच्या बाकावर तिची मैत्रीण मधोमध बसली होती.

"तुझ्या शेजारी कोण बसतं गं?"

"कुणी नाही, बाई. मी एकटीच बसते."

रजिस्टर उघडलं. नातीच्या ओळीत फक्त अनुक्रमांक होता.

मी धावत घरी गेले. लेक कपडे वाळत घालत होती.

"खारूताई घरी आली का गं?"

"कोण खारूताई, आई?"

दोरीवर एकही लहान फ्रॉक नव्हता.

तशीच परत आले. नातीचं नाव लिहायला पेन टेकवलं, पण शाळेतलं नाव आठवेना. डोकं धरून बसले, तरी आठवेना. मग खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं. आईवडिलांच्या रकान्यात, होती तशी, आडवी रेघ.

दुसऱ्या दिवशी मुलं पंधरा होती. त्या बाकावर दोघी होत्या. एकीचे पुढचे दोन दात मोठे. माझ्या जिवात जीव आला.

हजेरी घेतली. चौदा नावं संपली, ती काही उठली नाही. एकच नाव उरलं होतं. मी ते पहिल्यांदाच मोठ्यानं पुकारलं.

"हजर, बाई," ती म्हणाली.

शाळा सुटल्यावर मी तिचा हात घट्ट धरला. "चल राणी, घरी जाऊ."

ती फाटकापर्यंत आली आणि थांबली.

"पुढं रस्ताच दिसत नाही, बाई."

मी ओढलं, विनवलं, उचलायला गेले. हातात फक्त माझी पिशवी होती.

घरी लेकीनं पानं घेतली. आम्ही माणसं तीन: मी, ती आणि जावई. तिनं चार ताटं मांडली, चौथ्याकडं बघत उभी राहिली आणि रडू लागली.

"आई, हे कुणाचं गं?"