कोंडाबाईचा अंगठा

अमळनेरच्या नलिनी देवरे यांना राहतं घर मुलीच्या नावावर करायचं होतं. नव्या कायद्याप्रमाणे त्याआधी घराची मालकी पहिल्या खरेदीखतापासून तपासून घ्यावी लागे. सरकारी तपासनीस अंजुम तडवी त्यासाठीच आली होती.

जेवणाच्या टेबलावर तिने १९५४ चं खरेदीखत पसरलं आणि त्यावरून ठसेवाचक फिरवला. ही जागा नलिनीच्या आजेसासऱ्यांनी कोंडाबाई नावाच्या विधवेकडून घेतली होती. कागदाच्या शेवटी तिचा अंगठा होता.

अंजुमने यंत्र पुन्हा फिरवलं. मग आणखी एकदा.

"काही चुकलंय का?" नलिनीने विचारलं.

"मावशी, जिवंत बोट टेकलं की शाईत घाम उतरतो. त्यातले क्षार शंभर वर्षंसुद्धा कागदात टिकतात. साक्षीदारांच्या ठशांत ते आहेत. या बाईंच्या ठशात नाहीत."

"बोट कोरडं असेल."

"कोरड्या बोटालाही थोडा घाम असतोच." अंजुमने मान वर केली नाही. "हा अंगठा उमटवला तेव्हा बाई जिवंत नव्हत्या."

नलिनी खुर्चीत बसली. आजेसासऱ्यांचा हार घातलेला फोटो समोरच्या भिंतीवर होता. तिकडे तिला बघवेना.

जुन्या जन्मनोंदींवरून यंत्राने वारसही शोधला. कोंडाबाईची नात सुगंधा, धुळ्यात राहणारी. तिला नोटीस पोस्टाने गेली असती, पण नलिनी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी अंजुमला घेऊन ती स्वतःच धुळ्याला गेली.

साठी ओलांडलेली सुगंधा उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. अंजुम सांगत गेली, तसा तिचा हात मंदावला आणि मग थांबला.

"माझा बाप पाच वर्षांचा होता," ती म्हणाली. "त्याला मामाकडं टाकून, जागा विकून बाई कुणाबरोबर तरी पळाली, असंच सगळे सांगायचे. बापानं मरेपर्यंत तिला शिव्या घातल्या. मी पोटुशी होते तेव्हा म्हणाला, पोरगी झाली तर तिच्यावर नको जायला."

"ताई, घर तुमचंच आहे," नलिनी कशीबशी म्हणाली. "मी कोर्टात जाणार नाही."

"घराचं राहू द्या हो. ती पळाली नव्हती ना?"

"नाही."

"मग गेली कुठं?"

नलिनीला एकदम आठवलं. व्यवहार झाला त्याच आठवड्यात आजेसासऱ्यांनी घराचा पाया खणायला घेतला होता. त्यांच्या धडाडीची ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जाई. तिने स्वतः ती मुलीला सांगितली होती. आता तीच गोष्ट तिने सुगंधाला सांगितली.

सुगंधाने मेथी बाजूला सारली. मग ती अंजुमकडे वळली.

"पोरी, तुझं यंत्र कागद वाचतं. जमिनीच्या आतलं वाचणारं एखादं आहे का गं?"