उजव्या मनगटावरचं घड्याळ

"गोदा… ए गोदाई…"

तात्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली आणि दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या लताच्या हातातल्या कपबश्या किणकिणल्या. तिची तीन वर्षांची लेक खिडकीशी बसली होती, उजवा कान रस्त्याकडे, डावा आजोबांकडे, आणि गजांवरून फिरणाऱ्या एका मुंगळ्याशी तिचं काहीतरी गुजगोष्टींचं चाललं होतं. तात्यांचा हात लिमलेटची गोळी धरून पुढे आलेला, तसाच राहिला. पोरीनं मान वळवली नाही.

तात्यांनी गोळी परत खिशात टाकली आणि समोर बसलेल्या सावळीरामशेठकडे पाहून ते हसले. त्या हसण्याची लताला आता ओळख झाली होती.

"शिकलेल्या आईची लेक आहे, शेठ. शेतकऱ्याच्या हाकेला ओ देत नसते ती."

सावळीरामशेठ मेन रोडवरचे घड्याळवाले, घरोब्याचे. ते कसंनुसं हसले. लताचे पती मल्हारी खाली बघत राहिले. आणि लता… लतानं ट्रे खाली ठेवला, पदर सावरला, आणि तो शब्द इतर अनेक शब्दांसारखा मुकाट्यानं काळजात ठेवून घेतला.

एकोणीसशे पंचाहत्तरचा तो माघ. तात्यांच्या एकसष्टीचं साल. दिंडोरीच्या मळ्यात द्राक्षं अशी गोडवा धरून बसली होती की गंगापूर रोडवरच्या त्या नव्या बंगल्यात शिरतानाच माणसाला पेट्यांतल्या गवताचा आणि पिकल्या घडांचा वास यावा. पुढे कितीतरी वर्षं तो वास आला की लताला ती बैठक, ती निळी मखमल आणि तिच्यावरची ती दोन घड्याळं आठवत…

तात्यांचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं, निवृत्तीरावांचं हे एक जगावेगळं वेड होतं. हंगाम चांगला गेला की दुसरे शेतकरी ट्रॅक्टर घेत, सोनं घेत. तात्या एक मनगटी घड्याळ घेत. सागवानी पेटीत, कापसावर, ती ओळीनं निजलेली असत, आणि तात्या त्यांना नावानं नव्हे, हंगामानं ओळखत. हे गारपीट चुकली त्या वर्षीचं. हे विहिरीला पाणी लागलं तेव्हाचं. हे मल्हारी बी.एस्सी. झाला तेव्हाचं. रविवारी सकाळी आंघोळ झाली की ते एकेकाला चावी देत आणि डोळे मिटून कानाशी धरत. रंगरूप बघून घड्याळ घेणारा फसतो असं त्यांचं मत होतं. घड्याळाचं मन त्याच्या टिकटिकीत असतं म्हणायचे. नव्यानं लग्न होऊन आलेल्या लताला तेव्हा हा करारी म्हातारा एखाद्या लहान मुलासारखा वाटे, आणि त्याच्याविषयी तिच्या मनात माया दाटून येई.

नातीचा जन्म झाला तेव्हा तात्यांनी आपल्या आईचं नाव ठेवलं तिला. गोदावरी. तिला घेऊन ते मळाभर हिंडत, पण कायम उजव्या हातावर; कारण डाव्या मनगटावर घड्याळ असे आणि पोरीच्या पायांतल्या वाळ्यांनी काचेवर ओरखडा उठेल ही त्यांना धास्ती. तिच्या कानाशी तोंड नेऊन ते सांगत, ही वेल तुझ्या पणजीनं लावली हो, हा मांडव तुझ्या बापाएवढा जुना… आणि पोर दुसरीकडेच बघत बसे. तिचा बाप डाव्या कडेवर घेऊन काही पुटपुटला तरी ती खळखळून हसे. आजोबांच्या कडेवर मात्र दगडासारखी. करता करता तात्यांच्या मनानं घेतलं, की पोरीला आपल्याविरुद्ध शिकवलेलं आहे. कोणी शिकवलं असणार, हे सांगायची गरज नव्हती.

लताला कारण ठाऊक होतं. म्हणजे… तिला भीती होती, आणि ती भीती ती दिवसरात्र डोळ्यांत तेल घालून तपासत होती. गोदा दीड वर्षाची असताना गालगुंड आलं, लेप लावले, उतरलं. त्यानंतर पोर उजव्या कुशीवर झोपली, डावा कान वर राहिला, की कुकरची शिट्टी झाली तरी पापणी हलत नसे; डाव्या कुशीवर झोपली की चिमणी बसली तरी जाग येई. लतानं मागे उभं राहून वाटी वाजवून पाहिली, चुटक्या वाजवून पाहिल्या. मल्हारींना सांगितलं तर ते म्हणाले, रेडिओ लागला की सगळ्यांच्या आधी नाचत कोण येतं? शेवटी तिनं सासूबाईंजवळ मन मोकळं केलं. मालनबाईंचा चेहरा क्षणात पांढराफटक पडला. त्यांनी लताचा हात ओढून निजलेल्या गोदाच्या डोक्यावर ठेवला.

"मुलीची जात आहे, लता. तो शब्द एकदा उंबऱ्याबाहेर गेला की तिच्या लग्नापर्यंत मागं लागंल. ह्या घरात तो शब्द तुझ्या तोंडून येणार नाही… खा शपथ."

लतानं शपथ खाल्ली. तेव्हापासून गोदानं न दिलेल्या प्रत्येक 'ओ'चा दोष तिच्या पदरात पडत गेला. लाडावलेली, उद्धट, आईनं बिघडवलेली… ती एका शब्दात सगळं निस्तरू शकली असती. पण तो एकच शब्द तिच्या लेकीच्या कपाळावर लिहिला जाणार होता. त्यापेक्षा माझ्या कपाळावर काय हवं ते लिहा, असं ती देवापुढे दिवा लावताना म्हणे.

सावळीरामशेठनी निळी मखमल उलगडली होती. एक ओमेगा, सोन्याचं, पातळ, रोज चावी द्यायचं; मुंबईच्या एका पारशी घराण्यातून आलेलं, तबकडी जुन्या हस्तिदंतासारखी पिवळसर. दुसरं रॅडो, पोलादी, जाडजूड, हाताच्या हालचालीवर आपोआप चालणारं, काचेवर सुरी फिरवली तरी रेघ उठू नये असं. मल्हारींना वडिलांना एकसष्टीचं एकच द्यायचं होतं, आणि तात्यांचं ठरत नव्हतं. हे कानाशी नेत, ते नेत, पुन्हा हे. सोन्याचं गाणं म्हणतंय म्हणत आणि पोलादी चाललंय बैलासारखं नेटानं म्हणत. चहा निवून गेला. मालनबाई आतून येऊन म्हणाल्या की लग्नाला मुलगी बघतानाही इतका वेळ लावला नव्हता तुम्ही.

"तेव्हा बापानं ठरवलं होतं," तात्या म्हणाले. "माझ्यावर सोपवलं असतं तर अजून बघतच असतो."

सगळे हसले, तात्याही हसले, आणि त्या हसण्याच्या भरातच त्यांना सुचलं. त्यांच्या गावी, दिंडोरीकडे, पेच पडला की देवीच्या उजव्या-डाव्या खांद्याला फूल लावून कौल घेत. ज्या बाजूचं फूल पडेल तो देवीचा शब्द.

"पोरीचा कौल घेऊ," ते म्हणाले. "आईचं नाव आहे तिला. ती वळंल ते माझं."

लता गोदाला उचलायला खिडकीकडे वळली, पण मल्हारी आधीच उठले होते.

मल्हारींनी गोदाला आणून मधोमध गालिच्यावर बसवलं. चकाकी बघून भुलू नये म्हणून तात्या तिच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसले. उजव्या कानाशी सोन्याचं, डाव्या कानाशी पोलादी. सावळीरामशेठ पुढे सरकून बघू लागले. आणि गोदाचा चेहरा उजळला… ती उजवीकडे वळली आणि दोन्ही हातांनी सोन्याचं घड्याळ पकडलं.

"दिला कौल!" सावळीरामशेठनी मांडीवर थाप मारली. तात्यांनी खात्रीसाठी पुन्हा तसंच धरलं. पुन्हा सोन्याचंच. त्या कठोर चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं काहीतरी पाझरलं. पोरीनं त्यांचं ऐकलं होतं. त्यांच्या हातातलं घेतलं होतं.

लताला वाटलं, असंच राहू दे. हा खोटा का होईना, आनंदाचा क्षण आहे. म्हाताऱ्याला नात मिळाली, पोरीला आजोबा, आपल्या शपथेलाही धक्का नाही… आता गप्प बसलं की झालं.

तात्यांनी गोदाला उचललं. सवयीनं उजव्या हातावर. तिच्या डाव्या कानाशी मिशा नेऊन ते म्हणाले, "माझी आई गं तू…"

गोदा खिडकीतल्या मुंगळ्याकडे बघत होती.

आणि लतानं त्यांचा चेहरा विझताना पाहिला. अपमानानं नव्हे, आज तो चेहरा नुसता म्हातारा झाला. तिच्या लक्षात आलं की आपण एकटीच सोसतोय असं समजत होतो, पण हा माणूसही तेच सोसतोय, आणि त्याला तर कारणही माहीत नाही. तिनं सासूबाईंकडे पाहिलं नाही. तो शब्द ती उच्चारणार नव्हती.

"तात्या," ती म्हणाली, "एकदा… हात बदलून बघा ना."

सुनेनं मधे बोलावं, तेही परक्या माणसासमोर, हे त्या घरात नवीन होतं. मल्हारींनी दचकून पाहिलं. तात्यांच्या भुवया आक्रसल्या. पण तिच्या डोळ्यांत काय दिसलं कोण जाणे, त्यांनी पोरीला खाली ठेवलं, पाठीमागे बसले आणि हात बदलले. आता सोन्याचं डावीकडे, पोलादी उजवीकडे.

गोदा उजवीकडे वळली. पोलादी घड्याळ छातीशी धरून खुदकन हसली.

"लबाड हो पोरगी," सावळीरामशेठ म्हणाले, "दोन्ही पाहिजेत तिला."

तात्या हसले नाहीत. आयुष्यभर ज्या माणसानं बारीक टिकटिक ऐकून घड्याळाचं मन ओळखलं, तो आता आपल्या नातीकडे कान देऊन बसावं तसा बसला होता. त्यांनी एकटं सोन्याचं घड्याळ तिच्या डाव्या कानाला अगदी टेकवलं. काही नाही. उजव्या कानाला टेकवलं. हसू. मग त्यांची नजर हळूहळू आपल्या उजव्या हाताकडे गेली, ज्यावर तीन वर्षं त्यांनी तिला मिरवलं होतं… आणि डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे, ज्याच्या जिवासाठी तिला कधी त्या बाजूला घेतलं नव्हतं.

"मी… मी सारं त्या बाजूनंच बोलत आलो," ते पुटपुटले. "हिला त्यातलं कायपण पोचलं नाय." मग लताकडे वळून, "तुला ठावं होतं? मग बोलली का नाहीस, सूनबाई? मी इतकं नको नको ते बोललो तुला…"

लतानं खाली वाकून गोदाचे केस सारखे केले. आताही तिनं कोणाचं नाव घेतलं नाही. पण दाराशी मालनबाईंना हुंदका फुटला होता.

"तिला विचारू नका. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून मीच तिचं तोंड बांधलं. घराची लाज राखायला गेले आणि लेकरासारख्या सुनेला सगळं गिळायला लावलं." आणि त्या माउलीनं पुढे होऊन, सावळीरामशेठांसमोर, लताला पोटाशी धरलं. लताच्या इतक्या महिन्यांच्या साठलेल्या आसवांना त्या जुन्या पातळाच्या वासात अखेर जागा मिळाली.

त्या गडबडीत तात्यांनी काय केलं ते फक्त लतानं पाहिलं. त्यांनी डाव्या मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. गोदाला डाव्या हातावर घेतलं. वाळे मनगटावर खणखणले. तिच्या उजव्या कानाशी, अगदी हलकेच, जणू सोन्याच्या घड्याळाच्या टिकटिकीहून हलकं, ते म्हणाले,

"गोदाई…"

"ओ," गोदा म्हणाली, आणि तिनं त्यांच्या मिशा ओढल्या.

सावळीरामशेठनी जाताना विचारलं, सोन्याचंच बांधून देऊ ना? तात्या म्हणाले, नको, लोखंडी ठेवा. मल्हारींना नवल वाटलं. सोनं मातीत शोभत नाही, चावी देत बसायचा कंटाळा येतो, अशी काहीबाही कारणं तात्यांनी सांगितली आणि ते घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं. डाव्या हातानं पट्टा लागेना. लतानं लावून दिला. दोघांची नजर एकदाच भेटली.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ती नस गेलेली आहे, उपाय नाही. दुसरा कान उत्तम आहे, जपा. त्यांनी जपलं. शाळेत तात्या स्वतः जाऊन बाईंना सांगून आले की हिला डाव्या भिंतीशी बसवा. तो शब्द उंबऱ्याबाहेर गेला, आणि काही बिघडलं नाही. संध्याकाळी मळ्यात आजोबा-नात हिंडत, ती कायम त्यांच्या डाव्या हाताला. छाटणीची कात्री चालवणाऱ्या उजव्या हातावरचं ते घड्याळ तारांना, खांबांना, पेट्यांना घासत राही. काच तगली, पण पोलादी पट्टा आणि कडा ओरखड्यांनी भरून गेल्या. वाळ्यांच्या ओरखड्याला भिणारा तो माणूस, त्याकडे ढुंकूनही बघत नसे.

अठ्ठ्याऐंशी साली, तात्यांच्या वर्षश्राद्धानंतर, मालनबाईंनी सागवानी पेटी उघडली आणि नातवंडांना म्हणाल्या, ज्याला जे आवडेल ते घ्या. सोनेरी घड्याळांसाठी लटकी भांडणं झाली. सोळा वर्षांच्या गोदानं ओरखडे पडलेलं पोलादी उचललं. वर्षभर निजलेलं ते, तिच्या हातात येताच हललं आणि चालू लागलं.

संध्याकाळी ती ओट्यावर बसून ते डाव्या मनगटावर बांधत होती. लता नेहमीप्रमाणे वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला येऊन बसली.

"आई, तात्या डावखुरे नव्हते ना गं? कात्री तर उजव्या हातात धरायचे. मग घड्याळ त्याच हातात का बांधायचे?"

लतानं सांगितलं. निळी मखमल, देवीसारखा घेतलेला कौल, वाळे, आणि रिकामं केलेलं ते डावं मनगट. शपथेचं मात्र तिनं सांगितलं नाही. सासूबाई आत वाती वळत होत्या.

गोदानं पट्टा सोडला. मग घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं. हात उचलून उजव्या कानाशी नेला, आणि तात्यांसारखे डोळे मिटले. दिंडोरीकडून येणाऱ्या वाऱ्याला द्राक्षांचा वास होता. ती ऐकत राहिली… ऐकत राहिली… आणि कोणी हाक मारल्यासारखी, अगदी हळू म्हणाली,

"ओ."