काजातून मूठ

धाकट्या मुलाच्या पोटाजवळ मापाची टेप धरून शिंपीबाबांनी आकडा वाचला, "साडेआठ इंच," आणि तोंडाला फडकी बांधून दारातच थांबवलेल्या तीन नातेवाइकांनी एकदम सुस्कारा सोडला. बाबांनी चष्मा नाकावर सरकवून सर्जनचं काम तपासलं, टाक्यांतलं अंतर सारखं आहे, धागा कुठे ओढलेला नाही, असं प्रमाणपत्र दिलं, आणि चाळीस वर्षं कोट शिवलेल्या त्या माणसाने टेप पुन्हा गळ्यात अडकवली. "केवढं सोसलं माझ्या लेकराने..."

ताई चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागे उभी होती. ज्या मूत्रपिंडासाठी धाकट्याला साडेआठ इंच फाडलं, ते बारा दिवसांपूर्वीपर्यंत तिच्या डाव्या कुशीत होतं. आता तिथे काय आहे, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं, आणि ट्रे जड होता.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी तिला कागदावर पोट काढून सगळं समजावलं होतं. दुर्बिणीतून करू, ताई. मोठा छेद नाही, रक्त कमी जाईल, कमी दुखेल, चौथ्या दिवशी घरी, लवकर कामाला, आणि व्रण म्हणाल तर पुढे दिसायचादेखील नाही. माणूस खोटं बोलला नव्हता. सगळे फायदे झाले, फक्त तिच्यापेक्षा घरालाच जास्त झाले. कमी दुखतं म्हणून कोणी विचारपूस केली नाही. चौथ्या दिवशी घरी आली म्हणून चौथ्याच संध्याकाळी स्वयंपाक तिच्याकडे आला. लवकर कामाला लागता येतं म्हणून सातव्या दिवशी चौदा पँटींची तुरपाई तिच्या मांडीवर येऊन पडली. आणि व्रण दिसत नाही, म्हणजे तो नव्हताच! यादी संपल्यावर डॉक्टरांनी जरा हळू आवाजात आणखी एक सांगितलं होतं, सहा आठवडे जड उचलायचं नाही, नाहीतर आतली शिवण उसवेल. घराने नेमकं तेवढंच ऐकलं नव्हतं.

"हिचंपण काहीतरी केलं ना?" दारातून मावशीने विचारलं.

"हिचं दुर्बिणीतून," बाबा म्हणाले. "चार भोकं, अर्ध्या अर्ध्या इंचाची. काजंच म्हणा ना."

"मग सुटली बाई. आमच्या वेळी उभं चिरायचे. आता काय, जायचं आणि यायचं."

जणू ताई केस कापून आली होती. ती हसली. हसण्याची तिला सवय होती... आई गेल्यापासून वीस वर्षं दुकानाची काजं, बटणं आणि तुरपाई तिनेच केली. कापडाला कात्री धाकटा लावायचा, कोट बाबांचा म्हणून ओळखला जायचा, आणि ताईच्या कामाचं कौतुक एकच होतं, की ते दिसत नाही. इतकी वर्षं हे कौतुकच आहे असं ती मनापासून समजत आली होती.

विसाव्या दिवशी दुकानात कोटाच्या कापडाचा नवा तागा आला. आतल्या खोलीत भावजय घड्याळ समोर ठेवून नवऱ्याच्या गोळ्या मोजत होती. बाबांनी मशीनवरून मान न उचलता सांगितलं, "ताई, तेवढा तागा फळीवर टाक."

ताई जागची हलली नाही.

"ऐकलंस का?"

"ऐकलं. नाही उचलणार."

बाबांच्या आठवणीत तिने 'नाही' म्हटल्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण त्यांनी मशीन थांबवलं. "काय झालं?"

"डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"अगं, चार काजांचं कौतुक किती दिवस करशील? तो बघ बिचारा, साडेआठ इंच..."

"बाबा, माझं काढलं ते केवढं असतं?"

"डॉक्टर म्हणाले ना, मुठीएवढं."

"आणि अर्ध्या इंचाच्या काजातून मूठ निघते?"

बाबांचा हात चाकावर तसाच राहिला. तिने त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि कपड्यांवरूनच ओटीपोटाखाली आडवी धरली.

"तीन इंच. दुर्बिणीने आत सोडवलं, पण बाहेर काढायला वाट लागतेच ना, बाबा... जागा अशी, की बापाला दाखवता येत नाही. आणि विचारलं कोणीच नाही."

ज्या माणसाने चाळीस वर्षांत कोणाच्या बाहीत अर्ध्या इंचाची चूक केली नव्हती, त्याला एवढं साधं माप जमलं नव्हतं.

आतल्या दारात धाकटा भिंत धरून उभा होता. "मला माहीत होतं, ताई. तिथल्या नर्सने सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?" बाबांचा आवाज चिरकला.

त्याने खाली पाहिलं. "तीन वर्षं आजारी होतो, तर लोक रस्ता बदलायचे. आता बघायला यायला लागले... हिचं सांगितलं असतं, तर निम्मे हिच्याकडे वळले असते."

ताईला राग यायला हवा होता. पण ते इतकं खरं, इतकं क्षुद्र आणि इतकं तिच्या घरचं होतं की तिचे डोळेच भरून आले. बाबा उठले, गुडघ्यांवर हात टेकत तो तागा त्यांनी स्वतः फळीवर चढवला आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"फार दुखलं का गं?"

'हो' म्हटलं असतं, तर विसाव्या दिवशी आलेला तो प्रश्न तिला आयुष्यभर उशाशी ठेवता आला असता. पण खोटं बोलणं तिला जमत नसे.

"नाही, बाबा. दुर्बिणीने कमीच दुखतं."

पुढच्या रविवारी मावशी पुन्हा आली. तिने दारातच फडकं बांधलं आणि धाकट्याच्या खोलीकडे निघाली, तेव्हा बाबांनी तिला अडवलं. "आधी ताईला भेटा. मोठं ऑपरेशन झालंय तिचं. चार काजं आणि शिवाय तीन इंच."

मावशीने ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तीनच?"

ताई सवयीने उठू लागली, तर बाबांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि चहा करायला ते स्वतः आत गेले. साखर कुठे असते ते विचारायला ते दोनदा बाहेर आले.