कोरी सोंगटी कुठे गेली?

ओमासानने पिशवीच्या तळापर्यंत बोटं फिरवली. पिशवी रिकामी होती, आणि अक्षरं मांडायच्या तिच्या पट्टीवर सातऐवजी सहाच सोंगट्या होत्या. समोरच्या, सापेले गावच्या मुलाने लागलेल्या सोंगट्यांची नोंद ठेवलेला आपला कागद पुन्हा तपासला आणि हात वर केला.

"पंच अंकल, एक कोरी सोंगटी कमी आहे. ती माझ्याकडे नाही."

स्क्रॅबलमध्ये हाती आलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायचे असतात, आणि कोरी सोंगटी म्हणजे हुकमाचा एक्का. हवं ते अक्षर मानून लावा! अशी सोंगटी तळहातात लपवणारे लबाड खेळाडू सगळ्यांना माहीत होते. उघेली गावच्या क्लबातली सगळी डोकी ओमासानकडे वळली.

अंकल आक्पोफुरे क्लबचे चिटणीस आणि आजचे पंच. त्यांनी बारा वर्षांच्या पोरीला तिचे खिसे सगळ्यांसमोर उलटे करायला लावले. भाजलेले शेंगदाणे निघाले आणि एक रुमाल, सोंगटी नाही. तरी अंकलनी फोन काढून तिच्या आईला मासळीबाजारात कळवलं, की मुलीने चोरी केली आहे, येऊन घेऊन जा. आई येईपर्यंत सोंगटी काढून दिली नाही, तर लागोसला स्पर्धेसाठी जाणाऱ्या संघातून नाव कायमचं कट.

ओमासान भिंतीशी बसली. हरण्याचं तिला काही वाटत नव्हतं, पण आईने सगळा बाजार ऐकत असताना तो फोन घेतला असणार.

तिची मामेभावंडं, रुकेव्वे आणि एदिरिन, दाराशी उभी होती. अख्खी सुट्टी तिघांनी दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं उलटसुलट करून शब्द शोधण्यात घालवली होती. एदिरिनच्या तोंडाला कुलूप कधीच नसायचं, पण आत्ता त्याचाही आवाज बारीक झाला होता.

"तिने घेतली नाही ना गं?" त्याने हळूच विचारलं.

"गाढवा, सोंगटी पिशवीत होती का, ते आधी विचार."

रुकेव्वे कमी बोलायची. खेळाआधी दोन्ही खेळाडूंनी सगळ्या शंभर सोंगट्या टेबलावर पाच-पाचच्या ओळींत लावून चार चौकोन पुरे करायचे, ही रीत उघेलीतलं शेंबडं पोरही पाळतं. पण जेवणानंतरच्या या डावाला उशीर झाला होता. लाइट जाईल या धास्तीने अंकल म्हणाले होते, सकाळी मी स्वतः मोजल्यात, सुरू करा.

"आणि जेवणाच्या सुट्टीत पिशवी कुठे होती?" तिने विचारलं.

एदिरिनचे डोळे मोठे झाले. पिशवी अंकलच्या मनगटाला लटकत होती, आणि अंकल बाहेर बदामाच्या झाडाखाली पापा इघोंशी ड्राफ्ट हा मोहऱ्यांचा पटावरचा खेळ खेळत होते!

दोघं धावली. बाटल्यांच्या झाकणांनी मांडलेला अर्धवट डाव तसाच होता, आणि राखण करावी तसे म्हातारे पापा इघो त्याच्याशेजारी बसले होते. अंकलच्या बाजूच्या झाकणांमध्ये एक चपटा, चौकोनी तुकडा होता. एदिरिनने हात पुढे केला.

"बोटं मोडीन," पापा इघो म्हणाले. "डाव चालू आहे. पट्ठ्या हरायला लागला आणि आतल्या घंटेचं निमित्त करून पळाला."

रुकेव्वेने एदिरिनला मागे ओढून समजावलं. आपण ती सोंगटी आत नेली, तर लोक म्हणतील ओमासाननेच आपल्याकडे दिली होती. ती जिथे आहे तिथेच राहायला हवी, आणि अंकलनीच इथे यायला हवं. पण चिडलेला पंच पोरांच्या सांगण्यावरून जागचा हलणार थोडाच!

रस्त्यापलीकडे तेवढ्यात एक भाड्याची मोटारसायकल थांबली. मासळीबाजारातून यायला अशीच मोटारसायकल लागते. ओमासानची आई आली असं एदिरिनला वाटलं, पण उतरला तो कुणी दुसराच. आता थांबण्यात अर्थ नव्हता. त्याने आत जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अंकल, पापा इघो म्हणतायत तुम्ही हरायला लागलात म्हणून पळालात. डाव अजून मांडून ठेवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतायत."

ड्राफ्टमध्ये अंकलना कुणी हरलेला म्हटलं की संपलंच. ते तरातरा बाहेर आले आणि त्यांच्यामागे निम्मा क्लब आला.

"कोण हरत होतं? हे बघा सगळे! हा मोहरा माझा. एक झाकण हरवलं होतं, म्हणून मी माझ्या हाताने हा इथे ठेवला. आता याची चाल..."

तुकडा त्यांच्या बोटांत होता. त्यांनी तो उलटा केला. दोन्ही बाजूंनी कोरा.

पापा इघो म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. खेळाच्या नादात पिशवीत हात घातलास, ते मी पाहिलं. मला काय ठाऊक आत काय असतं! ही पोरं मात्र माझ्यातुझ्यापेक्षा शहाणी निघाली."

त्याच वेळी ओमासानची आई फाटकातून आली. एप्रनवर माशाचे खवले तसेच होते. अंकल तिच्यासमोर उभे राहिले. मोठ्या माणसाने पोराटोरांदेखत चूक कबूल करायची, हे उघेलीत रोज दिसत नाही.

"चूक माझी. तुमच्या लेकीने काही घेतलं नाही. मी तिचे खिसे तपासले, माझा हात तपासला नाही. ओमासान, मला माफ कर. बाजारात येऊन मी हेच सगळ्यांसमोर सांगेन."

"सांगालच," आई म्हणाली. तिला धाप लागली होती. "डाव संपला का?"

"नाही."

"मग पोरीला खेळू द्या."

ओमासानची सातवी सोंगटी तिला मिळाली. घड्याळ सुरू झालं. तिने पट्टीवरची अक्षरं एकदा फिरवली, दोनदा फिरवली. शब्द दिसेना. रुकेव्वेला तो लांबून दिसला होता आणि बोलायची बंदी असल्यामुळे तिने ओठ दाताखाली धरला होता.

मग ओमासानने एकेक करत सातही सोंगट्या पटावर मांडल्या. सातही एकाच शब्दात लागल्या की पन्नास गुण जास्तीचे, आणि पिशवी रिकामी असल्यामुळे डावही तिथेच संपला.

आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण लेकीची पट्टी रिकामी झालेली तिला दिसली, आणि ती तिथेच खुर्चीवर टेकून रडायला लागली.